आशीर्वाद मागावा, वसूल करू नये

मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू एकच प्रश्न दोनदा विचारतो. त्याचे शिष्य, जब्दीचे मुलगे याकोब आणि योहान, त्याच्याकडे येतात आणि आम्ही जे मागू ते तू आमच्यासाठी करावे, अशी गळ घालतात. मी तुमच्यासाठी काय करावे अशी तुमची इच्छा आहे, असे तो त्यांना विचारतो. त्यांना त्याच्या वैभवात उजवीकडची आणि डावीकडची जागा हवी असते. पुढे यरीहोच्या वाटेवर भीक मागत बसलेला आंधळा बार्तीमय त्याला हाक मारतो, तेव्हा त्यालाही तोच प्रश्न विचारला जातो. बार्तीमयाला दृष्टी हवी असते आणि ती मिळते. शिष्यांना जागा मिळत नाहीत. मात्र प्रश्न दोघांनाही सारख्याच मोकळेपणाने विचारलेला आहे. अयोग्य मागणी घेऊन आलेल्यांनाही येशू मागू नका असे म्हणत नाही. तुम्ही काय मागता हे तुम्हाला समजत नाही, एवढेच सांगतो.

देवाकडे आशीर्वाद मागण्याविषयी आज ख्रिस्ती मंडळ्यांतून, म्हणजे चर्चमधून, जे बोलले आणि शिकवले जाते, त्यातले बरेचसे या प्रश्नापुढे टिकत नाही, असे माझे मत आहे. एकीकडे सुशिक्षित, विचारी ख्रिस्ती माणसाला मागण्याचा संकोच वाटतो. नोकरी, प्रकृती, लेकराबाळांचे भले यांसाठी हात जोडणे ही विश्वासाची बाल्यावस्था आहे, आणि परिपक्व भक्ताने केवळ स्तुती करावी किंवा मौन धरावे, असे त्याला वाटते. दुसरीकडे व्यासपीठावरून ठासून सांगितले जाते की आशीर्वाद हा विश्वासणाऱ्याचा हक्क आहे, तो तोंडाने घोषित करायचा आणि आपल्या नावावर करून घ्यायचा. पहिला कमी मागतो आणि दुसरा जास्त मागतो, असे वरवर दिसते. वास्तविक दोघेही मागतच नाहीत. मागण्यात समोरच्याचे स्वातंत्र्य मान्य केलेले असते. तो नाही म्हणू शकतो, हे गृहीत धरलेले असते. संकोची भक्त नकाराचा प्रसंगच येऊ देत नाही, आणि हक्क सांगणारा नकाराची शक्यताच नाकारतो.

संकोचाच्या बाजूने जे म्हटले जाते, त्याला खुद्द शुभवर्तमानात आधार आहे असे वाटते. तुम्ही मागण्यापूर्वीच तुमच्या गरजा तुमच्या पित्याला ठाऊक आहेत, असे येशू डोंगरावरील प्रवचनात म्हणतो. मग सांगायचे कशाला? परंतु त्याच वाक्याला लागून तो प्रभूची प्रार्थना शिकवतो, आणि ती प्रार्थना पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत मागण्यांनी भरलेली आहे. तुझे नाव पवित्र मानले जावो, तुझे राज्य येवो, आमची रोजची भाकर आज आम्हांस दे, आमची ऋणे सोड, आम्हांला परीक्षेत आणू नको. देवाला सर्व ठाऊक आहे ही गोष्ट येशूला न मागण्याचे कारण वाटत नाही. उलट पुष्कळ बोलून त्याला पटवून द्यावे लागत नाही, म्हणून निर्भयपणे मागता येते, असा त्याच्या शिकवणीचा रोख आहे.

हा प्रश्न मंडळीच्या इतिहासात फार जुना आहे आणि त्याला थोर उत्तरे मिळालेली आहेत. रोम शहर 410 मध्ये लुटले गेले, त्यानंतर आफ्रिकेत आश्रयाला आलेल्या प्रोबा नावाच्या श्रीमंत विधवेने प्रार्थना कशी करावी, असे तिथल्या बिशप ऑगस्टीनला विचारले. त्याने तिला पाठवलेले दीर्घ पत्र आजही वाचण्यासारखे आहे. देवाला आपली इच्छा कळावी म्हणून आपण मागत नाही, असे तो लिहितो. मागता मागता आपली इच्छा वाढावी, रुंदावावी आणि तो जे देऊ पाहतो ते सामावण्याइतके आपण मोठे व्हावे, यासाठी मागायचे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ईश्वरविज्ञानी विचारवंताने आणखी एक पाऊल टाकले. देवाने ठरवलेले बदलावे म्हणून आपण प्रार्थना करत नाही, तर प्रार्थनेच्या द्वारेच द्यावे असे देवाने ज्याविषयी ठरवले आहे ते मिळावे म्हणून करतो, असा त्याचा युक्तिवाद आहे. शेतकऱ्याने पेरणी केल्याने देवाच्या योजनेत ढवळाढवळ होत नाही, तशीच मागितल्यानेही होत नाही.

मला स्वतःला धर्मसुधारक मार्टिन लूथरचे उत्तर अधिक जवळचे वाटते, कारण ते स्वयंपाकघरापर्यंत पोहोचते. 1529 मधल्या त्याच्या लहान प्रश्नोत्तरीत रोजच्या भाकरीच्या मागणीचा अर्थ देताना तो म्हणतो की देव आपल्या प्रार्थनेशिवायही सर्वांना, अगदी दुष्टांनाही, भाकर देतोच. ही भाकर त्याच्याकडून येते हे आपल्याला कळावे आणि ती आपण आभार मानून घ्यावी, यासाठी आपण मागतो. मग रोजची भाकर म्हणजे काय, याची यादी तो देतो. तीत अन्नवस्त्र आहे, पादत्राणे आहेत, घर, शेत आणि गुरे आहेत. त्याचबरोबर चांगले सरकार, चांगले हवामान, शांतता, आरोग्य, खरे मित्र आणि विश्वासू शेजारीही आहेत. ज्याला भौतिक गोष्टी मागणे हलके वाटते त्याने ही यादी शांतपणे वाचावी. जे मागायला लाज वाटते तेही आपण रोज वापरतच असतो. मग ते कोणाकडून येते, हे विसरणे मात्र सोपे जाते.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, आणि तिथे अधिक वेळ थांबणार आहे, कारण तिथे होणारी इजा मोठी आहे.

समृद्धीची सुवार्ता या नावाने जी शिकवण जगभर पसरली तिची मुळे विसाव्या शतकातल्या अमेरिकेत सापडतात. एसेक विल्यम केन्यन या प्रचारकाच्या लिखाणातून केनेथ हेगिनने विश्वासाच्या शब्दाची कल्पना उचलली: जे हवे ते मिळाले आहे असे मनात मानावे आणि तोंडाने म्हणावे, म्हणजे ते हाती येते. ओरल रॉबर्ट्स या दुसऱ्या प्रचारकाने दानाला विश्वासाचे बी ठरवले; देवाच्या कामासाठी पैसे पेरा, पीक तुमच्या पदरात पडेल. अशा शिकवणीला वचनांची वाण कधीच पडत नाही. प्रार्थना करून जे मागाल ते मिळालेच आहे असा विश्वास धरा, हे मार्कच्या अकराव्या अध्यायातले वचन तिथे सारखे ऐकू येते, आणि शंभरपट मिळण्याचे दहाव्या अध्यायातले वचनही. हे दुसरे वचन पूर्ण वाचणारे मात्र थोडे. माझ्यासाठी घर, भाऊबहिणी, शेते सोडणाऱ्याला या काळी शंभरपट मिळेल, असे येशू म्हणतो खरे. पण त्या मिळकतीच्या यादीतच तो छळणूकही घालतो. शंभरपटीचे आश्वासन देऊन दानाची पाकिटे वाटणाऱ्या सभेत तो शब्द उच्चारला जात नाही.

पहिल्या इतिहास ग्रंथातल्या याबेसचेही असेच झाले. वंशावळींच्या लांबलचक याद्यांमध्ये अवघ्या दोन वचनांत त्याची प्रार्थना येते: मला आशीर्वाद दे, माझ्या सीमा वाढव, तुझा हात माझ्याबरोबर असो, अरिष्टापासून मला राख. देवाने त्याची विनंती मान्य केली, असे तिथे लिहिले आहे. या प्रार्थनेत मला काही खटकत नाही. क्लेशात जन्मलेल्या माणसाने क्लेशापासून सुटका मागितली, यात वावगे काय? परंतु 2000 च्या सुमारास अमेरिकेतून जी लाट उठली तिने हे शब्द रोज ठराविक पद्धतीने म्हणण्याचे सूत्र बनवले. याबेसने कोणतीही पद्धत वापरली नव्हती. त्याने एकदा मागितले आणि देवाने दिले, एवढाच मजकूर तिथे आहे.

विनंतीचे सूत्र होते, तेव्हा देणारा उरत नाही. ठराविक शब्द, ठराविक रक्कम आणि ठराविक प्रमाणात विश्वास यांची जुळणी झाली की फळ मिळणे भागच असेल, तर त्या व्यवहारात देव कुठे आहे? ही टीका केवळ बाहेरच्यांनी केली असे समजू नये. लोझान चळवळ या सुवार्तिक ख्रिस्ती लोकांच्या जागतिक चळवळीच्या ईश्वरविज्ञान गटाच्या आफ्रिकी शाखेने 2008 आणि 2009 मध्ये घानामधल्या अक्रोपोंग इथे या शिकवणीचा विचार केला आणि एक निवेदन तयार केले. देव आजही चमत्कार करतो, हे त्यांनी ठामपणे मान्य केले. त्याचबरोबर त्याचे सामर्थ्य आपोआप चालते किंवा माणसांच्या शब्दांनी, कृतींनी आणि विधींनी ते वळवता येते, ही कल्पना त्यांनी पवित्र शास्त्राला सोडून असलेली म्हणून नाकारली. ही शिकवण भीषण दारिद्र्यात फोफावते आणि जिथे दुसरी कोणतीच आशा दिसत नाही तिथे ती आशेचे रूप घेऊन येते, हेही त्यांनी नमूद केले. मला ही नोंद फार महत्त्वाची वाटते. बी पेरायला शेवटची शिल्लक काढणाऱ्या बाईला लोभी म्हणणे अन्यायाचे आहे. तिला घर सांभाळायचे असते. जाब विचारायचा तो तिच्या अडचणीवर भाव लावणाऱ्याला.

या शिकवणीतला सर्वांत निर्दय भाग पैशांचा नाही. मागितलेले मिळाले नाही तर तिच्याजवळ एकच स्पष्टीकरण उरते: तुझा विश्वास कमी पडला. कर्करोगाशी झुंजणाऱ्या माणसाला, मूल दगावलेल्या आईला हे ऐकवले जाते, कधी थेट तर कधी आडवळणाने. आजाराबरोबर अपराधही त्यांच्या अंगावर येतो. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रातले वचन त्यासाठी पुढे केले जाते की विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील. हे वचन अवघड आहे आणि ते टाळून चालणार नाही. पण ते कोणाला उद्देशून आहे ते पाहावे. दुखणाइताने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे तिची देखरेख करणाऱ्या ज्येष्ठांना, बोलवावे आणि त्यांनी त्याला तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी, असे तिथे सांगितले आहे. विश्वासाने प्रार्थना करण्याची जबाबदारी तिथे वडिलांवर आहे, अंथरुणाला खिळलेल्यावर नाही. म्हणजे प्रार्थना फळली नाही म्हणून कोणाचा विश्वास तपासायचाच असेल, तर तपासणी त्या वडिलांपासून सुरू करावी लागेल. आजाऱ्याला आरोपी करणाऱ्यांनी ते पत्र उलटे वाचले आहे.

शिवाय ज्यांच्या विश्वासाविषयी कोणी शंका घेणार नाही अशांनाही नकार मिळालेला आहे. पौलाने आपल्या शरीरातला काटा दूर व्हावा म्हणून प्रभूला तीनदा विनंती केली. काटा राहिला. माझी कृपा तुला पुरे आहे, कारण अशक्तपणातच माझी शक्ती पूर्णतेस येते, असे उत्तर त्याला मिळाले. गेथशेमाने बागेत येशूने पुढ्यातल्या दुःखाचा प्याला टळावा अशी स्पष्ट, थेट मागणी केली, कोणताही आडपडदा न ठेवता, आणि मग म्हटले की माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. प्याला टळला नाही. या प्रार्थनेचे दोन्ही भाग एकत्र धरावे लागतात. आपल्यापैकी काही जण तुझ्या इच्छेप्रमाणे होवो एवढेच म्हणून मोकळे होतात, कारण मग काही मागावे लागत नाही आणि काही गमवावेही लागत नाही. येशूने आधी मागितले.

काहींना वाटते की प्रार्थनेचा परिणाम मोजून दाखवता आला तर वाद संपेल. तसा प्रयत्न झालेला आहे. अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांत हृदयाची बायपास शस्त्रक्रिया होणाऱ्या 1802 रुग्णांचा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्यासाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली आणि ज्यांच्यासाठी केली नाही, अशा दोन गटांत गुंतागुंतीच्या प्रमाणात काही फरक दिसला नाही. आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे ज्यांना निश्चित ठाऊक होते, त्यांच्यात तर ती थोडी अधिक आढळली. या निष्कर्षाने माझा विश्वास डळमळत नाही, पण ख्रिस्ती लोकांनी त्यातून एक शिस्त जरूर घ्यावी. प्रार्थनेने अमुक इतके टक्के रुग्ण बरे होतात, असले दावे आपण करू नयेत. ज्याला नाही म्हणण्याची मुभा आहे त्याच्याकडे केलेली विनंती औषधासारखी मोजता येणार नाही, आणि तशी मोजता आली असती तर ती विनंती राहिली नसती.

मग काय मागावे? इथे शास्त्राचे मार्गदर्शन मुबलक आहे. त्यातल्या दोन गोष्टींविषयीच लिहितो. नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायात आगूर देवाला म्हणतो की मला दारिद्र्य देऊ नको आणि संपत्तीही देऊ नको. मला लागेल तेवढे अन्न दे. फार झाले तर मी तुला विसरेन आणि फार कमी पडले तर चोरी करीन, असे तो कारण देतो. आशीर्वादाला वरची मर्यादा घालून मागणारा हा माणूस मला संपूर्ण बायबलमध्ये विलक्षण वाटतो. आपल्याला किती पेलवेल, याचा त्याने विचार केला आहे. समृद्धीच्या सभांत याबेस सर्वांना पाठ असतो. आगूराचे नाव मी तिथे कधी ऐकलेले नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रभूच्या प्रार्थनेतला अनेकवचनी सूर. भाकर आमची आहे, ऋणेही आमची आहेत. एकट्याने, दार लावून ही प्रार्थना केली तरी तिच्यात शेजारी येऊन बसतो. अब्राहामाला दिलेल्या पहिल्या अभिवचनातही हेच आहे: मी तुला आशीर्वाद देईन, आणि तू आशीर्वाद होशील, आणि तुझ्याद्वारे पृथ्वीवरची सर्व कुळे आशीर्वादित होतील. माझ्यासाठी नोकरी मागताना त्याच जागेसाठी अर्ज केलेल्या दुसऱ्याचा विचार मनात येत नसेल, तर माझ्या प्रार्थनेत अजून आमची हा शब्द आलेला नाही. हे अवघड आहे, हे मी जाणतो. मागणे मागे घ्यावे, असे माझे म्हणणे नाही. पण असे मागणे मागताना देवाच्या हाती निर्णय सोडण्याला एक खरा अर्थ येतो; त्या दुसऱ्याचाही तोच पिता आहे.

आशीर्वादाला आपल्या मालकीची वस्तू करण्याचा मोह मात्र आजचा नाही. यरुशलेमजवळच्या केतेफ हिन्नोम इथल्या कबरींत 1979 मध्ये चांदीच्या दोन चिमुकल्या गुंडाळ्या सापडल्या. त्यांवर बायबलमधल्या गणना या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायातला याजकीय आशीर्वाद कोरलेला आहे: परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो. इसवी सनापूर्वी सहाशेच्या आसपासचा हा मजकूर बायबलमधल्या वचनांचा आपल्या हाती आलेला सर्वांत जुना लेखी पुरावा आहे, आणि या गुंडाळ्या बहुधा ताईत म्हणून अंगावर घालत असत. ज्याने त्या घातल्या त्याला मी नावे ठेवणार नाही. भीती माणसाला काहीतरी मुठीत धरायला लावते. परंतु मूळ वचनात हा आशीर्वाद याजकाने लोकांवर उच्चारायचा आहे, आणि त्याच्या शेवटी देव म्हणतो की मीच त्यांना आशीर्वाद देईन. अहरोनाच्या याजक घराण्यालाही तो आपल्या अखत्यारीत ठेवता येत नव्हता, मग आज कोणा प्रचारकाला तो वाटता किंवा विकता कसा येईल?

म्हणून मंडळ्यांकडे, विशेषतः पाळकांकडे आणि वडील मंडळींकडे माझे काही मागणे आहे. प्रार्थनेची विनंती आणि देणगी यांचा संबंध पूर्णपणे तोडावा. विनंतीची चिठ्ठी आणि दानाचे पाकीट एकाच हातात देऊ नये. एकोणिसाव्या शतकात ब्रिस्टलमध्ये जॉर्ज म्यूलरने हजारो अनाथ मुलांचा सांभाळ केला. पैशांसाठी कोणा माणसाकडे हात न पसरता तो देवाकडे मागत असे, आणि आलेल्या प्रत्येक दानाचा हिशेब दरवर्षी छापून प्रसिद्ध करत असे. त्याचे नाव घेऊन विश्वासाचे धडे देणाऱ्यांनी त्याच्या हिशेबाच्या वह्यांचाही धडा द्यावा.

साक्षीच्या, म्हणजे सभेत आपला अनुभव सांगण्याच्या, वेळेचाही विचार व्हायला हवा. सध्या साक्ष देण्यास तोच उभा राहतो ज्याचे मागणे पूर्ण झाले. ज्याचे झाले नाही तो मागच्या बाकावर गप्प बसतो, आणि आपल्यातच काही खोट आहे अशी त्याची समजूत पक्की होत जाते. स्तोत्रसंहिता अशी निवड करत नाही. तिच्या दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत, आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. शेवटी सुटकेची एक ओळसुद्धा त्यात नाही. तरीही ते उपासनेत गायिले गेले आणि पवित्र शास्त्रात राहिले. मी मागितले, अजून मिळालेले नाही, आणि मी अजून मागतो आहे, अशी साक्ष देणाऱ्यालाही मंडळीसमोर उभे राहता आले पाहिजे. तो बोलून झाल्यावर कोणी त्याला उपदेश करू नये. त्याच्याबरोबर प्रार्थना करावी.

मध्यस्थीच्या प्रार्थनेत आजाऱ्यांची नावे घेतली जातात, त्या यादीकडेही लक्ष द्यावे. तातडीच्या शस्त्रक्रियेचे नाव लगेच येते, पण वर्षानुवर्षे अंथरुणावर असलेल्यांचे, मानसिक आजाराशी झगडणाऱ्यांचे, मूल होण्याची वाट पाहून थकलेल्यांचे नाव हळूहळू गळून पडते, कारण सांगण्यासारखे नवीन काही नसते. लूकच्या अठराव्या अध्यायात न्यायाधीशाकडे खेटे घालणाऱ्या विधवेचा दाखला येशूने सांगितला तो सर्वदा प्रार्थना करावी आणि खचून जाऊ नये यासाठी, असे लूक सुरुवातीलाच लिहितो. जिला खेटे घालण्याचेही बळ उरलेले नाही, तिच्यासाठी ते घालणे हे मंडळीचे काम आहे, आणि त्यासाठी तिचे नाव दर रविवारी पुन्हा घ्यावे लागेल.